‘द नाम’ : महिन्याला एक अंक, या हिशेबाने केलेले वाचन

मार्व्हलची ‘द नाम’ ही व्हिएतनाम युद्धावरच्या चित्रकथांची मालिका एका बैठकीत वाचून संपवू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. १९८६ ते १९९३ या काळात तिचे ८४ अंक निघाले. लेखक डग मरे यांनी स्वतः व्हिएतनाममध्ये सैनिक म्हणून काम केले होते, आणि संपादक लॅरी हामा हेही त्या काळात अमेरिकी सैन्यात होते. मालिकेचा मूळ नियम असा की, अंक दर महिन्याला येणार आणि कथेतही तेवढाच एक महिना सरलेला असणार. साध्या शिपायाची व्हिएतनाममधील नेमणूक साधारण वर्षभराची असे. त्यामुळे १९६६च्या सुरुवातीला तेथे उतरलेला एड मार्क्स हा तरुण मूळ वाचकांनाही जवळजवळ वर्षभरच भेटला. हे कळल्यावर मी पहिल्या दोन संग्रहांतील अंक महिन्याच्या पहिल्या रविवारी एक, अशा बेताने वाचायचे ठरवले आणि तो नेम बहुतेक पाळला. गणपतीत एकदा मोडला.

पहिल्या अंकाने थोडी निराशाच केली. लहानपणी रद्दीच्या दुकानातून आणलेल्या ‘कमांडो’ या युद्धचित्रकथांच्या छोट्या पुस्तकांत पहिल्या चार पानांतच विमान कोसळत असे, येथे मात्र मार्क्स नेमणुकीच्या कागदांसाठी टेबलासमोर उभा राहतो. चांगली जागा हवी असेल तर काहीतरी द्यावे लागते, ही फर्स्ट सार्जंटची सूचना त्याच्या लक्षातच येत नाही आणि तो सरळ पायदळाच्या तुकडीत जाऊन पडतो. आपल्याकडच्या वाचकाला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. पण युद्धाचे चित्रण अशा ठिकाणापासून सुरू करण्यात केवढे धाडस होते, हे मला चौथ्या-पाचव्या महिन्यात उमगले.

तोपर्यंत महिन्याच्या अंतराचा परिणाम जाणवू लागला होता. मधल्या दिवसांत मी पात्रांची नावे विसरत असे आणि अंक उघडला की मागची पाने चाळावी लागत. तुकडीतले चेहरेही बदलत राहतात: कोणी मरतो, कोणी जखमी होऊन जातो, आणि कोणाचे दिवस भरतात. मराठीत ‘दिवस भरले’ म्हटले की मरण जवळ आले असे आपण समजतो. या शिपायांच्या लेखी मात्र त्याचा अर्थ घरी जाणे असा आहे, आणि प्रत्येक जण उरलेले दिवस मोजत असतो. परतीची वेळ जवळ आलेल्याला ते ‘शॉर्ट’ म्हणतात, अमेरिकेला नुसतेच ‘द वर्ल्ड’. अशा बोलीसाठी मूळ अंकांत शब्दार्थांचे एक पान असे, आणि त्याच्याशिवाय बरेच संवाद माझ्या डोक्यावरून गेले असते. वर्षभराने मार्क्स घरी गेला तेव्हा मला फारसे काही वाटले नाही. पुढच्या महिन्यात अंक उघडला, तो त्यात नव्हता, आणि तेव्हा ते लागले.

सुरुवातीच्या अंकांचे चित्रकार मायकेल गोल्डन यांच्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे. त्यांचे चेहरे व्यंगचित्राकडे झुकणारे, गोल डोळ्यांचे आहेत, पण बंदुका, ह्युई हेलिकॉप्टर, पाठीवरची ओझी यांत रेषन् रेष नेमकी आहे. आधी ही विसंगती मला खटकली. नंतर असे वाटू लागले की, वस्तू पक्क्या आणि माणसे कच्ची, पोरसवदा, हेच त्या तुकडीचे खरे चित्र असावे.

उणिवा बारीकसारीक नाहीत. अंकांवर ‘कॉमिक्स कोड’चा, म्हणजे चित्रकथांतील भाषा आणि हिंसा यांवर बंधने घालणाऱ्या अमेरिकी नियमावलीचा, शिक्का असल्यामुळे शिपायांच्या तोंडी शिव्या जवळजवळ नाहीतच, आणि जखमाही आवरत्या घेतलेल्या दिसतात. त्याहून मोठी उणीव म्हणजे व्हिएतनामी माणूस बहुधा बाहेरूनच दिसतो. या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मरण पावले. व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे, आणि त्यांना मालिकेने दिलेली जागा फारच थोडी आहे. या बाबतीत १९६५-६६ मध्ये निघालेले ‘ब्लेझिंग कॉम्बॅट’ हे युद्धचित्रकथांचे कृष्णधवल त्रैमासिक कितीतरी पुढे होते. त्यातील ‘लँडस्केप’ ही कथा एका म्हाताऱ्या भातशेतकऱ्याची आहे. त्याला कोणत्याच बाजूचे काही नको असते, फक्त पीक हवे असते, आणि तेही त्याला मिळत नाही. सैन्याच्या दुकानांनी ते त्रैमासिक ठेवायचे नाकारले आणि चार अंकांत ते बंद पडले. डॉन लोमॅक्स यांचे ‘व्हिएतनाम जर्नल’ही मी मध्ये वाचले. एका पत्रकाराच्या नजरेतून सांगितलेले ते काम अधिक रांगडे आणि अधिक रक्तरंजित आहे. रेखाटन गोल्डन यांच्याइतके देखणे नाही, पण त्यातला चिखल खरा वाटतो.

पुढे मरे बाजूला झाल्यावर महिन्याला महिना हा नियम सैल पडला, आणि मार्व्हलच्या दुसऱ्या चित्रकथांतला, गुन्हेगारांना स्वतःच शिक्षा देणारा ‘पनिशर’, म्हणजे फ्रँक कॅसल, ५२ व्या आणि ५३ व्या अंकांत येऊन दाखल झाला. हे दोन अंक मी जुन्या अंकांच्या एका विक्रेत्याकडून मागवले होते. एकाची मधली पाने गळालेली निघाली, आणि खरे सांगायचे तर मी ती पुन्हा मागितली नाहीत.

माझ्या पुतण्याने पहिले दोन्ही संग्रह एका शनिवारी दुपारी वाचून काढले. मार्क्स गेला तेव्हा कसे वाटले, असे विचारल्यावर त्याने मलाच विचारले, “मार्क्स म्हणजे चष्मेवाला का, काका?” मी सध्या २४ व्या अंकावर आहे, कथेत १९६८चा टेट हल्ला, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या वेळी कम्युनिस्ट फौजांनी केलेला मोठा हल्ला, चालू असून मुखपृष्ठावर सायगावच्या रस्त्यात कैद्याला गोळी घातल्याचा, छायाचित्रामुळे जगभर गाजलेला प्रसंग आहे. तिसऱ्या संग्रहातले उरलेले सहा अंक मी महिन्याला एक, असेच वाचणार आहे.