पोटातल्या रक्तवाहिन्यांचं मॉडेल: नर्सिंग शिकवणाऱ्यांनी घ्यावं का?

घ्यावं. ज्यांना तेवढंच विचारायचं होतं त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकलं. मात्र घेतल्यावर त्यातली एक शीर स्वतः रंगवून घ्यावी लागते. ती का, हे सांगायला एवढं सविस्तर लिहितेय.

मी बडोद्यात नर्सिंगच्या मुलींना ॲनाटॉमी शिकवते, जीएनएम डिप्लोमा आणि बीएस्सी दोन्ही वर्गांना. मेडिकलच्या मुलांसारखं आमच्या मुलींच्या वाट्याला डिसेक्शन येत नाही. फार तर कधी म्युझियममध्ये बरण्यांतले नमुने बघायला मिळतात, आणि फॉर्मेलिनमध्ये वर्षानुवर्षं राहून धमनी काय, शीर काय, सगळं सारख्याच मातकट रंगाचं झालेलं असतं. वर्गात धडाचं मोठं मॉडेल होतं, पण त्यात आतड्यांचा एकच घट्ट गोळा आणि त्यावर दोनचार लाल-निळ्या रेघा. रक्त आतड्यापर्यंत जातं कुठून आणि तिथून निघून जातं कुठे, हे त्यावर दाखवताच यायचं नाही.

म्हणून हे खास पचनसंस्थेच्या रक्तवाहिन्यांचं मॉडेल मागवलं. अंबाल्याकडची बनावट, पीव्हीसीचं, जवळजवळ खऱ्या मापाचं, साडेआठ हजारांच्या आसपास पडलं. मागे पाठीचा कणा आणि त्याच्यापुढे उभी महाधमनी. यकृत, जठर आणि आडवं मोठं आतडं हे तिन्ही भाग चुंबकावर बसवलेले, हातात काढून घेता येतात. नव्या प्लास्टिकचा वास सुरुवातीला बराच येतो, मॉडेल गच्चीवर सावलीत ठेवलं की जातो.

धमन्यांचं काम खरोखर चांगलं आहे. महाधमनीच्या पुढच्या अंगाने निघणाऱ्या तिन्ही फांद्या योग्य मणक्यांवर आहेत: सीलिॲक ट्रंक छातीच्या बाराव्या मणक्याजवळ, आतड्यांना रक्त देणाऱ्या दोघींपैकी सुपीरियर मेसेंटरिक कमरेच्या पहिल्या आणि इन्फीरियर मेसेंटरिक तिसऱ्या मणक्यापाशी. सीलिॲक ट्रंक जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा आखूड बुंधा, तो तसाच आखूड ठेवलाय आणि लगेच त्याचे तीन भाग होताना दिसतात. त्यातली प्लीहेकडे जाणारी धमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने नागमोडी जाते, ते वळणसुद्धा नीट उतरलंय. जठर काढलं की ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या) पहिल्या भागामागून उतरणारी गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी समोर येते. मागच्या भिंतीवरचा अल्सर कोरत कोरत हिच्यापर्यंत पोचला की पेशंटला रक्ताची उलटी का होते, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. मुली तिथे बोट ठेवून आपणच सांगतात.

आडवं आतडं वर उचललं की मला सगळ्यात आवडलेली जागा दिसते. सुपीरियर मेसेंटरिक धमनी स्वादुपिंडाच्या मानेमागून बाहेर पडते आणि ड्युओडेनमच्या तिसऱ्या भागावरून खाली उतरते. म्हणजे ड्युओडेनम मागे महाधमनी आणि पुढे ही धमनी, अशा दोघींच्या बेचक्यात. एखादा पेशंट आजारपणात फार खंगला की तिथली चरबी झडते, बेचकं मिटतं आणि ड्युओडेनम दाबला जातो. असा पेशंट जेवल्यावर ओकतो, आणि डाव्या कुशीवर किंवा पालथं केलं की त्याला बरं वाटतं. पोझिशन देणं हे नर्सचं काम आहे. त्यामागचं कारण तिला डोळ्यांनी दिसायला हवं, आणि इथे ते दिसतं.

लहान आतड्याच्या पडद्याचे दोन तुकडे पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये बसवलेत. उजेडासमोर धरून बघा. जेजुनमच्या (लहान आतड्याच्या मधल्या भागाच्या) तुकड्यात धमन्यांच्या कमानींची एक-दोनच ओळ आहे आणि तिच्यातून आतड्याकडे जाणाऱ्या सरळ वाहिन्या चांगल्या लांब. आयलियमच्या (शेवटच्या भागाच्या) तुकड्यात कमानींवर कमानी चढलेल्या, चार-पाच ओळी, आणि सरळ वाहिन्या बोटाच्या पेराहूनही आखूड. पुस्तकात हे वाचलेल्या मुली परीक्षेत हमखास उलटं लिहून येतात. हे दोन तुकडे हातात दिल्यापासून माझ्या वर्गात तरी कुणी उलटं लिहिलेलं नाही.

आता पोर्टल व्हेन, म्हणजे रंगवून घ्यावी लागते ती शीर. बनवणाऱ्याने तिची जागा अचूक ठेवली आहे. सुपीरियर मेसेंटरिक शीर धमनीच्या उजवीकडे आहे, प्लीहेची शीर स्वादुपिंडाच्या मागून सरळ येते, इन्फीरियर मेसेंटरिक तिलाच मिळते, आणि स्वादुपिंडाच्या मानेमागे दोघी एकत्र होऊन साधारण आठ सेंटिमीटरची पोर्टल व्हेन तयार होते. एवढं सगळं बरोबर करून रंग दिलाय तो अशुद्ध रक्ताच्या महाशिरेचाच, तोच गडद निळा! समोरून बघणाऱ्या मुलीला वाटतं, आतड्यातलं रक्तही बाकीच्या शिरांसारखं थेट हृदयाकडे निघालंय. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी उणीव आहे. पोटातल्या रक्ताभिसरणाचं सगळं मर्म इथेच तर आहे: जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांचं रक्त आधी यकृताच्या दारात जाऊन उभं राहतं, यकृत त्यातलं घ्यायचं ते घेतं, औषधं मोडायची ती मोडतं, आणि मगच ते पुढे महाशिरेत सोडतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के या एका शिरेतून येतं.

मी ती आणि तिला मिळणाऱ्या सगळ्या शिरा जांभळ्या केल्या. ॲक्रिलिक रंग, बारीक ब्रश, दोन हात. ऑइल पेंट वापरू नका, मऊ पीव्हीसीवर तो कितीही दिवस चिकटच राहतो आणि धूळ धरतो. रंग देण्याआधी साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या.

दुसऱ्याच तासाला एका मुलीने विचारलं, "मॅडम, गोळी गिळली तरी ती रक्तात जातेच ना? मग सॉर्बिट्रेट जिभेखालीच का ठेवायला सांगतात?" तिला मॉडेलपाशी उभं केलं आणि म्हटलं, गिळलेल्या गोळीचा रस्ता बोटाने दाखव. आतडं, जांभळी शीर, यकृत. यकृतापाशी तिचं बोट थांबलं. "इथेच बरीचशी मोडते?" हो, इथेच. जिभेखालून शोषलेलं औषध या रस्त्याला येतच नाही, वरच्या महाशिरेतून सरळ हृदयाकडे जातं. छातीत कळ आलेल्या माणसासाठी ती गोळी जिभेखाली का, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं.

त्याच जांभळ्या रंगावर सिऱ्होसिससुद्धा शिकवता येतो. यकृत घट्ट झालं की पोर्टलमधला दाब वाढतो, या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे रक्त मागे फिरून दुसऱ्या वाटा शोधतं. जठराच्या डाव्या शिरेतून ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी जातं आणि तिथल्या बारीक शिरा फुगतात. मॉडेलमध्ये हा जोड दाखवलाय, लहानसा पण बरोबर जागी. वॉर्डात अशा पेशंटला नाकातून पोटात नळी घालायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी याच जागेवर बोट ठेवून सांगते.

दुकानाबद्दल थोडं. माल आला तेव्हा जठराच्या डाव्या धमनीचं टोक तुटलेलं होतं. दुकानदार म्हणाले, "चाले, बेन, फेविक्विकथी चोंटी जशे." (चालेल ताई, फेविक्विकने चिकटेल.) मी नाही म्हटलं, फोटो पाठवला, आणि नवा तुकडा आला. थोडा उशीर झाला, पण जास्त पैसे मागितले नाहीत. तुम्हीही पैसे देण्याआधी खोका तिथेच उघडायला लावा, आणि बारीक फांद्या एकेक करून बघून घ्या. सोबतच्या कार्डावर कॉमन हेपॅटिक आणि गॅस्ट्रोड्युओडेनल यांचे आकडे एकमेकांच्या जागी छापलेत, तेवढे पेनाने दुरुस्त करा.

घडणीतला एक दोष मात्र घरी दुरुस्त होण्यासारखा नाही. मोठ्या आतड्याच्या कडेने जाणारी मार्जिनल धमनी प्लीहेजवळच्या वळणावर तुटलेली दिसते, कारण साच्याचे दोन भाग नेमके तिथेच जोडलेत. त्या वळणावर दोन धमन्यांच्या हद्दी मिळतात, रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो, आणि ब्लडप्रेशर फार उतरलं तर आतड्याला इजा व्हायची ती बहुधा याच भागात. मुलींना वाटतं, धमनी तिथे खरंच संपते. बनवणाऱ्यांनी साचा दोन बोटं अलीकडे जोडला तर हा गोंधळच होणार नाही, आणि मी त्यांना तसं कळवलंय.

शिवाय मॉडेल सिग्मॉइडपाशी, म्हणजे गुदाशयाच्या वरच्या मोठ्या आतड्याच्या वळणापाशी, संपतं. सुपीरियर रेक्टल धमनी आणि शीर खाली लोंबत राहतात, पण गुदाशय नाही, त्यामुळे मधल्या आणि खालच्या रेक्टल शिराही नाहीत. नर्सिंगसाठी ही उणीव बरीच जाणवते. सपोझिटरीचं (गुदद्वारातून आत ठेवायच्या गोळीचं) औषध गुदाशयाच्या खालच्या भागातून शोषलं गेलं तर त्यातलं बरंचसं यकृताला वळसा घालून थेट महाशिरेत जातं, आणि वर सरकलं तर पोर्टलमध्ये. तेवढा भाग मी अजून फळ्यावर काढते, निळ्या आणि जांभळ्या खडूने.