ओटीपी न सांगताही खातं रिकामं झालं, वर कर्जही चढलं

माझ्या मामांनी ओटीपी कुणालाच सांगितला नाही. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून त्यांना कुणाचा फोन आला नाही, पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर आला नाही, लॉटरीचं आमिषही कुणी दाखवलं नाही. तरीही बचत खात्यातले ३८ हजार गेले, २ लाख ४० हजारांची मुदत ठेव मोडली गेली आणि वर त्यांच्या नावावर ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज चढलं. सगळं एका रात्रीत. मामांना विचारूनच हे लिहिते आहे. ‘ओटीपी सांगितला नाही म्हणजे आपण सुरक्षित’ अशी घराघरांत समजूत आहे, आणि चोर आता तिच्या पुढे गेले आहेत.

मामा कराडला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. विजेचं बिल, गॅसचं बुकिंग, मावशीला पैसे पाठवणं, सगळं स्वतः फोनवरून करतात. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सअॅपवर एका जुन्या सहकारी शिक्षकाच्या नंबरवरून फाइल आली. नाव ‘आरटीओ चलन’, शेवटी ‘एपीके’, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अॅप बसवणारी फाइल. खाली शुद्ध मराठीत मजकूर: तुमच्या वाहनावर दंड आकारण्यात आला आहे, पावती पाहण्यासाठी फाइल उघडा, उघडत नसेल तर प्ले प्रोटेक्ट (धोकादायक अॅप अडवणारी गूगलची सोय) बंद करा. त्याच आठवड्यात मामांनी बाजारात स्कूटर रस्त्याच्या कडेला लावली होती. दंड आला असेल, असं वाटायला एवढं पुरेसं होतं.

फोनवर पुढे आलेले पडदे मी नंतर त्यांच्याकडून एकेक करून समजून घेतले, कारण फसवणूक नेमकी तिथे होते. फाइलवर बोट ठेवल्यावर फोनने इशारा दिला की अनोळखी स्रोतावरून अॅप घेणं धोक्याचं आहे. शेजारीच ‘परवानगी द्या’चं बटण होतं. अॅप उघडल्यावर त्यावर सरकारी परिवहन अॅपसारखंच चिन्ह, तोच निळा रंग. मग ते म्हणालं, एसएमएस वाचायची परवानगी द्या. आता ही परवानगी बँकेचं अॅपही मागतं, पेमेंटची इतर अॅपही मागतात. ‘अलाऊ’ दाबायची सवय आपल्याला या कंपन्यांनीच लावली आहे. शेवटी गाडीचा नंबर टाकायला एक पान आलं आणि ‘पडताळणीसाठी १ रुपया’ म्हणून डेबिट कार्डाचा तपशील आणि एटीएम पिन मागितला. मामांनी तो भरला. पडद्यावर ‘सर्व्हर व्यस्त आहे’ असं आलं, अॅपचं चिन्ह फोनवरून नाहीसं झालं आणि मामा जेवायला बसले.

अॅप गेलं नव्हतं, फक्त चिन्ह लपलं होतं. त्या क्षणापासून मामांच्या फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस आधी चोराकडे जात होता आणि मामांना दिसण्याआधी पुसला जात होता. कार्ड आणि पिनच्या जोरावर चोराने नेट बँकिंगचा पासवर्ड बदलला. त्याला लागणारा ओटीपी मामांच्या फोनवर आला आणि मामांना न दिसता पुढे गेला. ठेव मोडताना तेच, नवा लाभार्थी (ज्याला पैसे पाठवायचे तो) जोडताना तेच, कर्ज घेताना तेच. ‘आपल्या खात्यातून इतके रुपये वजा झाले’ हा संदेशही त्यांना दिसला नाही. व्हॉट्सअॅपचा पडताळणी क्रमांकही एसएमएसनेच येतो, म्हणून तेही खातं गेलं आणि मामांच्या नावाने तीच फाइल त्यांच्या भिशीच्या गटात, निवृत्त शिक्षकांच्या गटात, सगळ्या नातेवाइकांना गेली. त्या सहकारी गुरुजींच्या नंबरवरून मामांना ती आली, तीही अशीच. ओळखीच्या नंबरवरून आलं म्हणजे ओळखीच्या माणसाने पाठवलं, असं धरून चालायची सोय आता राहिली नाही.

सकाळी भिशीतल्या एका बाईंचा फोन आला, ‘गुरुजी, ही कसली फाइल पाठवलीत?’ तेव्हा मामींनी मला पुण्याला फोन लावला. मी आधी फोन फ्लाइट मोडवर टाकायला सांगितला, मग सिम काढून घरातल्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. बाधित फोनमध्ये सिम असेपर्यंत पासवर्ड बदलायला लागणारा प्रत्येक ओटीपी चोराला कळतो, म्हणून हे पहिलं. मग त्या बटणाच्या फोनवरूनच बँकेला सांगून कार्ड आणि नेट बँकिंग बंद केलं आणि लगेच १९३० लावला.

१९३० हा केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे यंत्रणेचा क्रमांक. तिथे रडून-ओरडून उपयोग नाही, माहिती हाताशी हवी: खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला सूचना जाते आणि तिथे जे काही शिल्लक असेल ते गोठवलं जातं. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ते पुढे-पुढे सरकवतात आणि कुठेतरी एटीएममधून काढतात. म्हणून इथे मिनिटाला किंमत आहे. मामांचे ६१ हजार एका खात्यात अडकून राहिलेले सापडले. बाकीचे पहाटेच पुढे गेले होते. गोठवलेले पैसेही आपोआप परत येत नाहीत, आम्हाला त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला.

आणि मग बँक. शाखेत मामांना सांगण्यात आलं की पिन तुम्हीच दिला, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर गेला, म्हणजे व्यवहार तुमचाच, आणि कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होईल. मुलांना गणित शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस तिथे मान खाली घालून उभा होता. हे चोर सोडून संन्याशाला सुळी आहे, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

पिन भरला, हे खरं. पण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक शाखेतल्या तोंडी उत्तराइतकं सरधोपट नाही. बँकेचा हलगर्जीपणा असेल तर ग्राहकाचं दायित्व शून्य. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, मधल्या व्यवस्थेत आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. ग्राहकाने स्वतः पिन-पासवर्ड दिल्यामुळे नुकसान झालं तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे. त्या वेळी लागू असलेले नियम तपासून, छापून सोबत न्या. आम्ही हे परिपत्रक नेलं, त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला.

आता कर्जाचं बघा. मामांनी आयुष्यात वैयक्तिक कर्ज मागितलं नव्हतं. बँकेने स्वतःहून त्यांच्या नावावर ‘पूर्वमंजूर’ कर्ज अॅपमध्ये मांडून ठेवलं होतं. शाखेत जाऊन हेच कर्ज मागितलं असतं तर सह्या, फोटो, जामीनदार अशी विचारणा झाली असती. इथे रात्री अकरानंतर, नवा पासवर्ड बनवून, कधी न वापरलेल्या यंत्रावरून, एका पेन्शनर माणसाच्या नावाने कर्ज उचललं गेलं. त्याआधी काही मिनिटांपूर्वीच त्याची एकमेव ठेव मोडली होती. पैसे त्याच रात्री जोडलेल्या लाभार्थ्याकडे गेले. यातली एकेक गोष्ट वेगळी घेतली तर साधी वाटेल. पण सगळ्या ओळीने घडत असताना बँकेच्या यंत्रणेने एक फोनही करू नये? कर्ज विकताना ज्या यंत्रणेला ग्राहकाची नस न् नस माहीत असते, तिला चोरी होताना काहीच ओळखू येत नाही, हे मला पटत नाही. संगणकाच्याच क्षेत्रात काम करते, म्हणून ठामपणे सांगते: हे ओळखणं अवघड नाही. कर्ज चोवीस तास अडवून ठेवणं तर त्याहून सोपं आहे.

एसएमएसने येणारा ओटीपी हा दुसरा पुरावा मानला जातो. पण बँकेचं अॅप आणि ओटीपी एकाच फोनवर असतील आणि त्या फोनवरचं कुठलंही अॅप परवानगी मिळवून एसएमएस वाचू शकत असेल, तर हा दुसरा पुरावा उरतोच कुठे? कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगल्यासारखं ते आहे. गूगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी प्ले प्रोटेक्टमध्ये जादा संरक्षण जाहीर केलं. ब्राउझर किंवा चॅटमधून आलेलं अॅप एसएमएस वाचण्यासारख्या परवानग्या मागत असेल तर ते बसवूच द्यायचं नाही, असं ते. चांगलं पाऊल आहे, आणि म्हणूनच चोर आता आधी प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये पडताळणीचे नवे निर्देश काढले, लागू १ एप्रिल २०२६ पासून. एसएमएसवरचा ओटीपी त्यांनी बंद केलेला नाही, पण इतर मार्गांना वाट करून दिली आहे आणि व्यवहाराची जोखीम पाहून जादा तपासणी करायला सांगितलं आहे. निर्देश न पाळल्यामुळे नुकसान झालं तर ग्राहकाला पूर्ण भरपाई द्यायची, हेही त्यात आहे. ते वाक्य बँकांना रोज आठवण करून देण्यासारखं आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे, ते सांगते. एपीके ही पावती नसते, फोटो नसतो, लग्नपत्रिका नसते. ते अॅप असतं. दंडाची पावती, पाणीपट्टी, केवायसी, पीएम किसान, नाव काहीही असू दे, चॅटमधून आलेली अशी फाइल उघडायची नाही. गाडीवर दंड आहे का हे पाहायचं असेल तर राज्याच्या किंवा परिवहन खात्याच्या, शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असलेल्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून जा. दंडासाठी एटीएमचा पिन कुणीही मागत नाही. घरातल्या मोठ्या माणसांचा फोन एकदा हातात घ्या, सेटिंगमध्ये अॅप्सच्या विशेष परवानग्यांत ‘इन्स्टॉल अननोन अॅप्स’ शोधा आणि व्हॉट्सअॅप, ब्राउझर, फाइल्स यांपुढची परवानगी बंद करा. सेटिंगमध्येच एसएमएसची परवानगी कुणाकुणाकडे आहे तेही बघा. व्हॉट्सअॅपला सहा आकडी टू-स्टेप पिन लावा. तो असता तर मामांच्या नावाने फाइल पुढे गेली नसती. पेन्शन आणि ठेवी असलेल्या खात्याचा क्रमांक रोजच्या यूपीआयला जोडू नका, त्यासाठी थोडी शिल्लक असलेलं दुसरं खातं ठेवा.

आणि फसवणूक होण्याची वाट न बघता बँकेत एक लेखी अर्ज द्या: माझ्या नावावरचं पूर्वमंजूर कर्ज काढून टाका, मुदत ठेव ऑनलाइन मोडायची सोय बंद करा, ऑनलाइन पैसे पाठवायची रोजची मर्यादा इतकी करा. काही बँका लगेच करतात, काही ‘तशी सोय नाही’ म्हणतात. तशी सोय नसेल तर तेही त्यांच्याकडून लेखी घ्या. उद्या भांडायची वेळ आली तर तो कागद तुमच्या बाजूने बोलेल.

मामांच्या कर्जाची वसुली सध्या थांबली आहे, ठेवीचा निर्णय बाकी आहे. बँकेच्या उत्तराने समाधान झालं नाही किंवा तीस दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. आमची तिथे आहे. तिच्यासोबत सगळ्यात वजनदार कागद कुठला असेल तर शाखेत त्याच सकाळी दिलेल्या तक्रारीची पोच. तिच्यावर शिक्का आहे, तारीख आहे, आणि मामांनी आग्रह धरून लिहून घेतलेली वेळ आहे.