रिकॉलनंतरची गाडी: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव आणि पार्ट नंबरचा आग्रह

माझ्या या गाडीचे पिकअप, ॲव्हरेज, डिकी आणि टचस्क्रीन यांविषयी इतर मालकांनी आतापर्यंत पुरेसे लिहिले आहे आणि त्यातले बहुतेक मला मान्य आहे, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. हा अनुभव जवळजवळ पूर्णपणे टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या फ्युएल पंपाविषयी आणि त्यावर छापलेल्या पार्ट नंबरविषयी, म्हणजे त्या भागाच्या ओळख क्रमांकाविषयी आहे. एवढ्याशा क्रमांकाला इतके महत्त्व कशासाठी, असे काहींना वाटेल. पण नाव खराब झालेल्या कंपनीची गाडी रोज चालवणाऱ्या मालकाच्या हाती पडताळून पाहण्यासारखे दुसरे फारसे काही नसते.

आधी घडले ते सांगतो. मोठ्या रस्त्यावर, भरधाव वाहतुकीत, ट्रकला ओलांडत असताना ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेईना, एक हिसका बसला आणि इंजिन बंद पडले. डॅशबोर्डवरचे दिवे एकदम लागले, स्टिअरिंग जड झाले. ब्रेकचा पहिला दाब नेहमीसारखा लागला, दुसरा त्याहून कमी, आणि तिसऱ्या वेळी पायातला सगळा जोर लावावा लागला, कारण ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असतानाच तयार होतो आणि त्याचा साठा एकदोन दाबांपुरताच असतो. गाडी कशीबशी कडेला आली आणि कोणाला इजा झाली नाही. थोड्या वेळाने ती काहीच झाले नसल्यासारखी सुरू झाली. या दोषाची सर्वांत वाईट बाजू हीच, की सर्व्हिस सेंटरला पोहोचेपर्यंत दाखवायला काही उरत नाही. जॉब कार्डवर, म्हणजे केलेल्या कामाच्या कागदावर, ‘तपासले, दोष आढळला नाही’ असा शेरा पडला आणि पेट्रोलमध्ये भेसळ असेल, असे तोंडी सांगण्यात आले.

त्यानंतर रिकॉल जाहीर झाला, म्हणजे कंपनीने सदोष पंप बदलण्यासाठी गाड्या परत बोलावल्या. पंपातली प्लास्टिकची चकती पेट्रोल शोषून फुगते, कडेला घासते आणि पंप अडकतो, असे त्याचे कारण देण्यात आले. पहिल्या यादीत माझा चेसिस नंबर नव्हता. यादी वाढवली तेव्हा तो आला. मधल्या काळात मी तोच पंप घेऊन घरच्या माणसांसह फिरत होतो. गाडी हजारो भागांची असते आणि त्यातला एखादा सदोष निघू शकतो, हे मला समजते. माझा संताप आहे तो या मधल्या काळाबद्दल, आणि माझी लेखी तक्रार हातात असताना भेसळीचे कारण पुढे करण्याबद्दल. टोयोटाने 2014 मध्ये अमेरिकेत 120 कोटी डॉलरचा दंड भरला, तोही पायपोसात अडकणाऱ्या किंवा दाबलेल्या अवस्थेतच राहणाऱ्या पेडलसाठी नव्हता. त्या दोषांविषयी ग्राहकांची आणि सरकारी यंत्रणेची दिशाभूल केल्याबद्दल होता.

पार्ट नंबरचा माझा आग्रह जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचवरून, म्हणजे किल्ली फिरवून गाडी चालू-बंद करण्याच्या स्विचवरून आला आहे. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा छोट्या गाड्यांमध्ये किल्लीला जड जुडगा लटकत असला किंवा मोठा धक्का बसला, की स्विच ‘चालू’ स्थितीतून आपोआप सरकत असे. इंजिन बंद पडे, आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होत असल्यामुळे पाठोपाठ झालेल्या धडकेत त्या उघडत नसत. (फ्युएल पंप अडकला तर निदान इग्निशन चालू राहते, एवढा फरक आहे.) 2006 मध्ये हा स्विच सुधारण्यात आला, पण त्याचा पार्ट नंबर जुनाच ठेवला गेला. परिणामी कागदावर दोन्ही स्विच एकच होते आणि नंतरच्या गाड्यांमध्ये हा प्रकार कमी का होतो, याचा उलगडा कित्येक वर्षे झाला नाही. अखेर अपघातात गेलेल्या एका तरुणीच्या आईवडिलांच्या वकिलांनी नेमलेल्या तज्ज्ञाने दोन स्विच शेजारी ठेवून तपासले, तेव्हा आतला फरक दिसला. 2014 च्या फेब्रुवारीत सुरू झालेला रिकॉल सुमारे 26 लाख गाड्यांपर्यंत गेला आणि भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. क्रमांकातले एक अक्षर वेळीच बदलले असते, तर कोणता स्विच कोणत्या गाडीत आहे, हे कोणत्याही गॅरेजमध्ये कळले असते.

टाकाटाच्या एअरबॅगचा धडाही तितकाच कडू आहे. एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमधले अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षे बिघडत गेले, एअरबॅग उघडताना धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे माणसांना लागले. अनेक गाड्यांमध्ये रिकॉलच्या वेळी बसवलेला इन्फ्लेटरही त्याच जातीचा होता आणि तो पुन्हा बदलावा लागला. म्हणून ‘रिकॉलचे काम पूर्ण’ एवढा शेरा मला पुरत नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी पंप बदलण्याआधीच लिहून ठेवला होता आणि पुढे गाडी विकून टाकण्याचा सल्ला येणार होता. तो आता देत नाही, त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण सर्व्हिस सेंटरमध्ये घडले. जुन्या आणि नव्या पंपाचा क्रमांक जॉब कार्डवर लिहून द्या, असे मी म्हणालो तेव्हा सर्व्हिस ॲडव्हायझरने ‘सिस्टीममध्ये नोंद होते, सर’ एवढेच उत्तर दिले. मी सही केली नाही. वाद वाढल्यावर वर्कशॉपचे प्रमुख बाहेर आले आणि मला थेट गाडीपाशी घेऊन गेले. मागची सीट उचलली होती, टाकीवरचे झाकण काढलेले होते, पेट्रोलचा उग्र वास सुटला होता. त्यांनी जुना पंप फडक्याने पुसून ट्रेमध्ये ठेवला, नव्याचे खोके माझ्यासमोर फोडले आणि दोन्हींवरच्या क्रमांकावर बोट ठेवले. सुरुवातीचे आकडे तेच होते, शेवटचे अक्षर वेगळे होते. जुना पंप कंपनीकडे परत जातो, तो देता येणार नाही, पण फोटो अवश्य काढा, असे त्यांनी स्वतःहून सांगितले आणि दोन्ही क्रमांक जॉब कार्डवर हाताने लिहून खाली सही केली. इतके दिवस जे मागत होतो ते काही मिनिटांत मिळाले. त्या माणसाविषयी माझ्या मनात आदर आहे. मात्र हे त्यांच्या सौजन्यावर का अवलंबून असावे, याचे उत्तर कंपनीने दिलेले नाही.

दुसरे कारण पैशाचे आहे. एक्स्चेंजसाठी चौकशी केली तेव्हा गाडीचे नाव ऐकताच भाव पडला. पंप बदलल्याचा कागद कोणी उघडूनही पाहिला नाही. बाजार असाच वागतो. अमेरिकेत ऑडीच्या 1985 मध्ये 74,061 गाड्या विकल्या गेल्या होत्या. आपोआप वेग घेण्याच्या तक्रारी गाजल्यानंतर 1991 मध्ये हा आकडा 12,283 वर आला होता, आणि तोपर्यंत बहुतेक प्रसंगी चालकाचा पाय चुकीच्या पेडलवर पडला होता, असा सरकारी यंत्रणेचा निष्कर्ष येऊन दोन वर्षे झाली होती. कंपनीच्या खराब झालेल्या नावाची किंमत मी माझ्या खिशातून का मोजावी? गाडी नीट ठेवली तर अजून बरीच वर्षे सहज चालेल, आणि चालती गाडी मातीमोल भावाने देणे मला पटत नाही.

नवा पंप बसल्यापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. गाडी सुरू करताना मागून येणारी घरघर कमी झाली आहे, चढावर आणि ओव्हरटेक करताना ती आता अडखळत नाही. आज कोणी विचारले तर गाडी चांगली आहे, असेच मी सांगेन. पुढची गाडी मात्र या कंपनीची घेणार नाही. भेसळीचे ते तोंडी दिलेले कारण लेखी मागे घ्यावे, या माझ्या पत्राला आलेले उत्तर ‘आपली सुरक्षितता हेच आमचे प्राधान्य’ या वाक्याच्या पुढे गेलेले नाही.

ज्यांचा चेसिस नंबर वाढीव यादीत आहे त्यांनी पंप बसवताना समोर उभे राहावे, दोन्ही पार्ट नंबर जॉब कार्डवर लिहून घ्यावेत आणि ते हातात पडेपर्यंत सही करू नये. ही गाडी जुनी घेणाऱ्यांनीही विक्रेत्याकडे हाच कागद मागावा.