झूनिव्हर्स : संशोधनाच्या कच्च्या प्रतीपर्यंत नेणारी सेवा

विद्यापीठांमधलं संशोधन आपल्यासारख्यांपर्यंत आणणाऱ्या ज्या ज्या सेवा मी वापरल्या, त्यांत झूनिव्हर्स या संकेतस्थळाचा नंबर माझ्या लेखी पहिला. बाकी बहुतेक ठिकाणी शास्त्रज्ञ आपल्याला निष्कर्ष ऐकवतात. इथे ते काम हातात देतात आणि ते काम खरं असतं. तुम्ही दिलेलं उत्तर त्यांच्या आकडेवारीत जातं, त्यावरून शोधनिबंध लिहिले जातात.

मी आयुष्यभर प्रुफं तपासली, त्यामुळे या सेवेकडे मी मुद्रितशोधकाच्या नजरेनं पाहते, हे आधीच सांगते. विज्ञानाच्या बातम्या हातून खूप गेल्या. मूळ शोधनिबंध समोर कधी येत नसे, यायचं ते विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाचं टिपण. त्यातला प्रत्येक शोध क्रांतिकारी असायचा. मला वाटायचं, हा मीठमसाला पत्रकार घालत असणार. २०१४ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानं ती समजूत दूर केली. ब्रिटनमधल्या २० आघाडीच्या विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं, त्यांमागचे शोधनिबंध आणि त्यांवरून छापून आलेल्या बातम्या संशोधकांनी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. ४० टक्के पत्रकांमध्ये लोकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा जास्त ठाम होता. पत्रकात अतिशयोक्ती असली की बातमीतही ती असण्याची शक्यता कितीतरी वाढत होती. म्हणजे पाणी बऱ्याचदा उगमाशीच गढूळ होत होतं. म्हणून मी अशी जागा शोधत होते, जिथे संशोधन पूर्ण होण्याआधी, त्यातल्या शंकांसकट पाहता येईल.

झूनिव्हर्स ही तशी जागा आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठ, शिकागोतलं अ‍ॅडलर तारांगण आणि मिनेसोटा विद्यापीठ मिळून ती चालवतात. आज तिचे नोंदणीकृत स्वयंसेवक २० लाखांहून अधिक आहेत. पैसे लागत नाहीत. पदवी लागत नाही. खातं न उघडताही काम सुरू करता येतं. एखादा प्रकल्प निवडला की आधी छोटी ओळख होते, मग एक चित्र समोर येतं आणि त्याबद्दल एकदोन प्रश्न. उत्तर द्यायचं आणि पुढच्या चित्राकडे जायचं. बाजूला नमुन्यांची सचित्र पुस्तिका असते, अडलं की ती उघडायची.

सुरुवात झाली ती 'गॅलॅक्सी झू'पासून, जुलै २००७ मध्ये. ऑक्सफर्डमधला केविन शाविन्स्की हा तरुण संशोधक लंबवर्तुळाकार दीर्घिका (ताऱ्यांचे अवाढव्य समूह) शोधत होता, त्यातही ज्यांत अजून नवे तारे जन्माला येत आहेत अशा. 'स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे' या आकाशाच्या सर्वेक्षणानं टिपलेल्या जवळपास १० लाख दीर्घिकांची चित्रं उपलब्ध होती. त्यांतली ५० हजार त्यानं स्वतः डोळ्यांखालून घातली. उरलेल्यांचं काय करायचं या प्रश्नातून त्यानं, खगोलशास्त्रज्ञ ख्रिस लिंटॉटनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चित्रं सरळ लोकांपुढे ठेवली. प्रश्न सोपा होता: ही दीर्घिका सर्पिल, म्हणजे भोवऱ्यासारखी वळलेली, आहे की लंबवर्तुळाकार? सर्पिल असेल तर कोणत्या दिशेनं फिरताना दिसते? पहिल्या २४ तासांतच तासाला ७० हजार उत्तरं येऊ लागली. पहिल्या वर्षात दीड लाखांहून अधिक लोकांनी ५ कोटींवर उत्तरं दिली.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणून इथे जरा रेंगाळते. एका माणसाच्या उत्तरावर इथे कुणी विसंबत नाही. एकेक दीर्घिका सरासरी तीसहून अधिक जणांनी पाहिली आणि सगळ्यांची उत्तरं एकत्र करून कौल ठरवला. छापखान्यात महत्त्वाचा मजकूर दोघं वेगवेगळे वाचायचे, एकानं काढलेल्या चुका दुसऱ्याला दाखवायच्या नाहीत, असा नियम असे. इथेही तसंच आहे. उत्तर देईपर्यंत आधीच्यांनी काय म्हटलं ते दिसत नाही. त्यामुळे तीस जणांचं एकमत झालं तर त्याला अर्थ राहतो. मत विभागलं गेलं तर तीही माहितीच, कारण ती दीर्घिका खरोखरच संदिग्ध असू शकते.

पण सगळ्यांचे डोळे एकाच बाजूला घसरत असतील तर? दीर्घिकांच्या फिरण्याच्या दिशेबाबत नेमकं हेच झालं. घड्याळाच्या उलट दिशेनं फिरणाऱ्या सर्पिल दीर्घिकांची संख्या जास्त भरू लागली. हे खरं असतं तर विश्वाबद्दल फार मोठी गोष्ट हाती लागली असती, कारण विश्वाला एखादी दिशा जास्त प्रिय असण्याचं काही कारण दिसत नाही. हा मथळा लगेच छापता आला असता. त्याऐवजी संशोधकांनी काही चित्रं आरशातल्यासारखी उलटी करून पुन्हा लोकांपुढे ठेवली. दीर्घिकांमध्ये खरंच तो कल असता, तर आता घड्याळाच्या दिशेच्या जास्त दिसायला हव्या होत्या. तसं झालं नाही. उलट्या केलेल्या चित्रांतही लोकांनी घड्याळाच्या उलट दिशाच जास्त निवडली. कल आपल्या बघण्यात होता. २००८ मध्ये त्यांनी हे जसंच्या तसं प्रसिद्ध केलं.

हा किस्सा मी भेटेल त्याला सांगते. डोळा सवयीचं वाचतो, समोरचं नाही, हे प्रत्येक मुद्रितशोधकाला ठाऊक असतं. पण तो दोष किती आहे हे मोजायचं, तो आकड्यांतून वजा करायचा आणि तसं जाहीर सांगायचं, ही शिस्त मला इथे पाहायला मिळाली. 'विज्ञान स्वतःला तपासत असतं' हे वाक्य शाळेपासून कानावर पडलं होतं, त्याचा अर्थ मला या उदाहरणानं कळला.

कामाचा दुसरा चेहरा म्हणजे 'स्नॅपशॉट सेरेंगेटी'. टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २२५ स्वयंचलित कॅमेरे बसवले. सिंह, तरस, चित्ते असे एकमेकांचे स्पर्धक एकाच भूभागात कसे राहतात, हा मूळ प्रश्न होता. समोरून काही हललं की कॅमेरा फोटो काढतो. स्वयंसेवकांनी प्राणी कोणता, किती आहेत, काय करताहेत हे नोंदवायचं. सुरुवातीच्या वर्षांत एका वेळी टिपलेल्या फोटोंच्या १२ लाख संचांवर २८ हजार नोंदणीकृत लोकांनी १ कोटी ८ लाख नोंदी केल्या. तज्ज्ञांनी तपासलेल्या संचांशी ताडून पाहता लोकांचा एकत्रित कौल ९५ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर निघाला. सगळ्यांचं जमलं की चित्र लवकर निकालात निघतं, मतभेद असले तर पंचवीस जणांपर्यंत फिरत राहतं.

त्या १२ लाख संचांपैकी साधारण पाव भागातच प्राणी होते, हेही सांगायला हवं. उरलेल्यांत वाऱ्यानं हललेलं गवत. हे काम रटाळ वाटेल का? काहींना वाटेल. मला वाटत नाही, कारण संशोधनाचा मोठा भाग असाच असतो हे यातून समजतं. मोकळं चित्र 'इथे काही नाही' असं नोंदवणं ही निरुपयोगी मेहनत नाही. प्राणी कधी आणि कुठे नव्हते, हेही त्यांच्या वावराचा नकाशा काढताना लागतं.

आणि कधी कधी त्या रटाळपणातूनच मोठी गोष्ट हाती लागते. हॅनी व्हॅन आर्केल या नेदरलँड्समधल्या शिक्षिकेनं २००७ मध्येच आयसी २४९७ या दीर्घिकेजवळ एक विचित्र डाग पाहिला आणि 'हे काय आहे?' असं विचारलं. संशोधकांनाही उत्तर माहीत नव्हतं. पुढे मोठ्या दुर्बिणींनी पाहिल्यावर कळलं की तो वायूचा प्रचंड ढग आहे. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातलं कृष्णविवर एके काळी भयंकर तेजानं धगधगत होतं, ते मंदावलं, पण त्याचा प्रकाश ढगापर्यंत पोहोचायला लागलेल्या वेळामुळे ढग अजून उजळलेला दिसतो. आता त्याला हॅनीचंच नाव आहे. तसंच काही स्वयंसेवकांना छोटे हिरवे ठिपके वारंवार दिसू लागले, त्यांनी ते हौसेनं गोळा केले. तो दीर्घिकांचा वेगळाच प्रकार निघाला: आकारानं लहान, पण तारे घडवण्याचा वेग अफाट. २००९ च्या शोधनिबंधात अडीचशेच्या आसपास अशा दीर्घिकांचा अभ्यास आला. मटारासारख्या दिसतात म्हणून नावही तेच पडलं.

ग्रह शोधण्याच्या 'प्लॅनेट हंटर्स' या प्रकल्पातला तारा याहून चकित करणारा. केप्लर या अंतराळ दुर्बिणीनं मोजलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख तिथे पाहायचे असत. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित घटतो. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तरी साधारण १ टक्का. केआयसी ८४६२८५२ या ताऱ्याचा प्रकाश एकदा १५ टक्के आणि एकदा तब्बल २२ टक्के घटला, तोही अनियमितपणे. ठरावीक अंतरानं येणाऱ्या घटी शोधायला शिकवलेल्या संगणकाला त्यात ग्रह दिसला नाही. माणसांना ते खटकलं. खगोलशास्त्रज्ञ टॅबेथा बोयाजियन यांच्या या ताऱ्यावरच्या शोधनिबंधात स्वयंसेवकांची नावं सहलेखक म्हणून आली. ताऱ्याआड येणारं ते परग्रहवासीयांचं बांधकाम असावं, अशा बातम्या तेव्हा जगभर झळकल्या. २०१८ मध्ये वेगवेगळ्या रंगांत केलेल्या मोजमापांतून दिसलं की निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त अडतो, म्हणजे आड येणारी वस्तू भरीव नाही, बारीक धूळ असावी. ज्यांनी तो आलेख स्वतः पाहिला होता, त्यांना हा निकाल त्या बातम्यांपेक्षा कितीतरी समाधानकारक वाटला असेल.

हस्तलिखितं उतरवण्याचे प्रकल्प माझ्या खास जिव्हाळ्याचे. २०१० मध्ये आलेल्या 'ओल्ड वेदर'मध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश युद्धनौकांच्या नोंदवह्या होत्या. वाऱ्याची दिशा, हवेचा दाब, तापमान, सगळं अधिकाऱ्यांच्या हस्ताक्षरात. समुद्रावरच्या जुन्या हवामानाची माहिती फार तुटपुंजी असल्यामुळे हवामानशास्त्रज्ञांना तिचं मोल मोठं. ज्यानं एखाद्या जहाजाची सर्वांत जास्त पानं उतरवली तो त्या जहाजाचा कप्तान. लोक त्या खलाशांच्या आजारपणात आणि मृत्यूंतही गुंतत गेले आणि इतिहासकारांसाठीही साहित्य जमा झालं.

आता जे मला पटत नाही ते. सर्वांत मोठी उणीव म्हणजे काम संपल्यावरचं मौन. प्रत्येक प्रकल्पाला निकाल सांगण्यासाठी वेगळं पान मिळतं. काही संशोधक ते जिवापाड भरतात, काही ते रिकामंच सोडतात. शोधनिबंधाला वर्षं लागतात हे मान्य. पण 'तुमच्या नोंदींचं सध्या हे चाललं आहे' एवढं लिहायला शोधनिबंध लागत नाही. लोकांकडून हजारो तास घेणाऱ्या संशोधकाचं ते कर्तव्य आहे आणि प्रकल्प स्वीकारतानाच ही अट घालायला हवी. दुसरं, आपलं उत्तर बरोबर होतं का, हे बहुतेक प्रकल्पांत कळत नाही. यामागचं कारण खरं आहे, कारण उत्तर कुणालाच माहीत नसतं. तरीही मधूनमधून उत्तर माहीत असलेली चित्रं देता येतात. गुरुत्वीय लहरी (अवकाशात उठणारे अतिसूक्ष्म तरंग) टिपणाऱ्या उपकरणांतला गोंगाट ओळखायला लावणाऱ्या 'ग्रॅव्हिटी स्पाय'मध्ये पायरीपायरीनं शिकवत पुढच्या पातळीवर नेतात, ती पद्धत इतरांनीही उचलावी.

भाषेचीही अडचण आहे. बहुतेक प्रकल्प इंग्रजीत आहेत. चित्रांच्या प्रकल्पांत ती फारशी आड येत नाही, एकदोन वाक्यं समजली की भागतं. चर्चेच्या 'टॉक' विभागात मात्र खरी मजा असते, तिथे संशोधक स्वतः उत्तरं देतात आणि अनुभवी स्वयंसेवक नवख्यांना हात धरून शिकवतात. तिथे इंग्रजी नसेल तर माणूस बाहेर राहतो. प्रकल्पांचे अनुवाद स्वयंसेवकच करतात, तेव्हा ज्यांना मराठी चांगलं लिहिता येतं त्यांच्यासाठी तेही एक काम आहे.

संगणकच सगळं ओळखू लागेल, मग माणसं कशाला, असं मला विचारतात. आज सोपी चित्रं संगणक वेगळी काढतो आणि अवघड माणसांकडे पाठवतो, हे अनेक प्रकल्पांत होतं. त्या संगणकाला शिकवण्यासाठी वापरलेली उत्तरं आपल्यासारख्यांनीच दिलेली होती. आणि जे शोधायला सांगितलंच नव्हतं ते खटकणं, ही गोष्ट मी तरी अजून माणसांवरच सोडेन.

सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगते. मुलं सोबत असतील तर कॅमेऱ्यात टिपलेल्या प्राण्यांचा प्रकल्प घ्या, एकेका चित्रावर त्यांच्याशी वाद घाला. एकट्यानं शांतपणे बसायचं असेल तर दीर्घिका. हस्ताक्षर वाचायची चिकाटी असेल तर जुन्या नोंदवह्या. शक्यतो मोठा पडदा वापरा, मोबाइलवर मोजकेच प्रकल्प नीट चालतात. पहिली काही चित्रं खातं न उघडता करून पाहा. रमलात तर खातं उघडा, म्हणजे तुमच्या नोंदी तुमच्या नावावर राहतील आणि श्रेय देताना संशोधकांना तुम्ही सापडाल. काही वेगळं दिसलं, तर उत्तर देताना 'डन अँड टॉक' हे बटण दाबा आणि सरळ विचारा.