जाळी काढायचा लांब दांड्याचा झाडू: जून ते डिसेंबर वापरल्यावर

स्टीलच्या तीन नळ्यांचा दांडा आणि टोकाला नायलॉनचा गोल ब्रश. मिटवल्यावर अडीच फूट, उघडल्यावर साडेसहा, असं पाकिटावर छापलंय. पण नळ्या शेवटपर्यंत ओढल्या की दांडा डुलतो. प्रत्येक जोडात चार बोटं नळी आत ठेवावी लागते, म्हणजे हाताशी सहा फूटच उरतो. साडेनऊ-दहा फुटी छताच्या फ्लॅटला पुरतो, जुन्या घराच्या आढ्याला नाही.

ब्रशबद्दल तक्रार नाही, फक्त तो केरसुणीसारखा चालवायचा नाही. फटकारलं की जाळं तुटून भिंतीलाच चिकटतं आणि डिस्टेंपरवर काळी रेघ उमटते. ब्रश कोपऱ्यात हलकेच टेकवायचा आणि रवी फिरवतात तसा दांडा तळहातांत फिरवायचा. जाळं सुतासारखं गुंडाळून येतं. मात्र एकाच दिशेने, ब्रशचे आटे आवळले जातील तसा. उलटा फिरवला तर ब्रश सुटून डोक्यात पडतो. दांडा धातूचा आहे, त्यामुळे पंखा किंवा उघड्या होल्डरजवळ जाण्याआधी मेन स्विच बंद.

खरं दुखणं जोडाचं. नळीच्या आत प्लॅस्टिकचा गट्टू असतो, दांडा पिळला की तो नळीला घट्ट बसतो. तीन महिन्यांत आत धूळ गेली आणि नळी नुसतीच गरगर फिरायला लागली. उपाय सोपा आहे: नळी पूर्ण बाहेर काढायची, गट्टू कोरड्या फडक्याने पुसायचा, गुळगुळीत झाला असेल तर बारीक पॉलिश पेपर मारायचा. तेल अजिबात सोडू नका, पकड गेलीच म्हणून समजा.

धुताना आधी जुन्या कंगव्याने जळमटं विंचरून काढायची, मग साबणाचं पाणी. थेट पाण्यात बुडवला तर त्यांचा नमदा होतो. उभा ब्रशवर टेकवून ठेवला तर केस कायमचे वाकतात, टांगूनच ठेवावा.

आता कोळ्यांचं. छताच्या कोपऱ्यातला काडीसारख्या लांब पायांचा कोळी जाळ्याला धक्का लागताच गदागदा हलतो. त्याची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून फिरते, त्यामुळे नुसतं जाळं काढलं आणि ती कपाटामागे पळाली तर काम फुकट. भिंतीवरचा मोठा, चपटा कोळी जाळं विणतच नाही. त्याच्या पोटाखाली कधी पांढरी टिकली दिसते, ती अंड्यांची पिशवी. त्याच्यावर झाडू उगारण्यात अर्थ नाही, तो तिरका पळतो. रुंद तोंडाची बरणी पालथी घालायची, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि बाहेर सोडायचा. झुरळं खातो, तेव्हा माळ्यावर असला तर असू द्यावा.

फवारा थेट अंगावर बसला तरच उपयोगी. भिंतीवर वाळलेल्या औषधाचा फारसा परिणाम होत नाही, कारण कोळी पायांच्या टोकांवर चालतो, अंग टेकत नाही.

पावसाळ्यात दर आठवड्याला झाडूनही ट्यूबलाइटच्या वरचं जाळं परत येत होतं. उजेडाला चिलटं आली की कोळी तिथेच ठाण मांडतो. खिडकीच्या जाळीची फट बुजवून दिवा पिवळ्या उजेडाचा केल्यावर पंधरा-वीस दिवस निभावतं.

तेवढ्याच पैशात चौकोनी नळीचा, खटक्याच्या लॉकचा दांडा मिळाला तर तो घ्या. ब्रश सगळ्यांचे सारखेच असतात.