पद्मिनी तापली की बंद पडते? बिल भरण्याआधी करंट बघायला लावा

गॅरेजचं बिल 20,950 रुपये. फ्युएल पंप 2,850, ‘नवीन’ कार्बोरेटर 9,400, टाकी उतरवून साफ करणे 3,200, मजुरी 5,500. आणि बिघाड निघाला डिलकोच्या, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, कंडेन्सरमध्ये. तो 150 रुपयांना मिळतो आणि एका स्क्रूवर बसतो!

प्रीमियर पद्मिनी उन्हात बंद पडली, पंपावर ओलं फडकं टाकलं, थोडं थांबलं की चालू झाली, तर कुणीही व्हेपर लॉकच म्हणणार, म्हणजे उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. म्हणून गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवला, यात वेडेपणा काहीच नव्हता. पण थांबल्यावर फक्त पंप थंड होत नाही, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल आणि कंडेन्सरही थंड होतात. गॅरेजवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं, आणि त्याचा धंदा त्यावरच चालतो.

खरी चीड येते ती त्या बाटलीची. गाडी बंद पडलेली असताना त्याने कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरला आणि सेल्फ मारला. पेट्रोल भसाभस आलं, एक बुडबुडा नाही. व्हेपर लॉक असता तर नुसते फसफसते बुडबुडे आले असते, नाहीतर काहीच नाही. म्हणजे पंप ठीक, टाकी ठीक, हे समोर दिसत होतं. तिथेच त्याचा हात धरायला हवा होता. त्याने बाटली बाजूला ठेवली, मान हलवली आणि म्हणाला, “पंप गेलाय साहेब.”

त्याच क्षणी करंट बघायचा असतो. पेट्रोल लांब ठेवा, पाइप परत घट्ट बसवा. डिलकोच्या टोपणातली मधली वायर काढून, इन्सुलेटेड पक्कडीने इंजिनच्या लोखंडापासून 5-6 मिमीवर धरा आणि सेल्फ मारा. ठिणगीच नसेल तर कार्बोरेटरला कुणालाही हात लावू देऊ नका. मग 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प कॉइलच्या डिलकोकडच्या टर्मिनलला आणि बॉडीला लावा. सेल्फ मारताना दिवा लुकलुकला पाहिजे. सतत पेटलेला राहिला तर डिलकोतले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, मिटत नाहीत. पेटतच नसेल तर कॉइलच्या दुसऱ्या टोकाला 12 व्होल्ट येतोय का पाहा. तिथे येत असेल तर कंडेन्सरची वायर सोडा. दिवा लुकलुकायला लागला की कंडेन्सर आतून शॉर्ट. हे सगळं गाडी तापून बंद पडलेली असतानाच करायचं, थंड झाल्यावर सगळंच चांगलं दिसतं.

‘नवीन’ कार्बोरेटर तर जुनाच धुऊन बसवलेला. फ्लोट चेंबरच्या झाकणावरचा कानसीचा ओरखडा जसाच्या तसा. काम देण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा, जुने भाग परत मागा.

पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला. न बदललेल्या भागाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 ठेवलंय कशासाठी? आरटीओ म्हणतं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर गॅरेजचं ‘ग्राहकाच्या संमतीने काम केले’ एवढं एक वाक्य चिकटवून ती बंद केली. ओरखड्याचे फोटो उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. सगळे जण बिलावरची सही दाखवतात, बिलातला माल कुणी पाहत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत 2 वर्षं. पक्कं बिल मात्र हवं. भागाचा नंबर न लिहिता नुसतं ‘कार्बोरेटर’ लिहिलेलं बिल आलं, तर पैसे देऊ नका.