एससीए २ आणि तोलाचा व्यायाम : जवळजवळ वर्षभराच्या सरावानंतर

अटॅक्सियामध्ये, म्हणजे हालचालींचा ताळमेळ बिघडण्याच्या विकारात, निदान सुरुवातीच्या काळात तरी हातापायांची ताकद बहुधा शाबूत असते. बिघडतो तो हालचालींचा मेळ, म्हणजे कोणत्या स्नायूने केव्हा आणि किती जोर लावायचा याचा लहान मेंदू ठेवत असलेला हिशेब. माझ्या फिजिओथेरपिस्टनी ही गोष्ट पहिल्याच भेटीत समजावून सांगितली आणि पुढचा सगळा व्यायाम तिच्यावरच बेतला. मला स्पायनोसेरेबेलर अटॅक्सियाचा दुसरा प्रकार, म्हणजे एससीए २ आहे. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. माझ्या वडिलांना तो होता, आणि पडू नये म्हणून त्यांना मिळालेला सल्ला केवळ विश्रांतीचा होता. हे लिहिताना त्यांची आठवण वारंवार येते.

अटॅक्सिया म्हटले की बहुतेक वेळा फ्रेंकेल व्यायामांचा छापील कागद हातात पडतो. मी आधी जात असे त्या केंद्रातही तोच मिळाला होता. हाइनरिश फ्रेंकेल या स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे व्यायाम तयार केले, ते सिफिलिसमुळे मज्जारज्जूच्या मागच्या भागाची हानी झालेल्या रुग्णांसाठी. आपला पाय कोठे आहे हे अशा रुग्णाला जाणवत नाही, म्हणून तो डोळ्यांनी पाहत आणि तोंडाने अंक मोजत पाय सावकाश सरकवायला शिकतो. माझी अडचण मुख्यतः जाणिवेची नाही, नियंत्रणाची आहे. उताणे झोपून टाच गादीवरून सरकवण्याच्या सरावाने पाय अंथरुणावर अधिक सरळ रेषेत जाऊ लागला हे खरे, परंतु त्याचा चालण्यावर काही परिणाम मला दिसला नाही. चालणे सुधारायचे असेल तर उभे राहून, तोल जाण्याच्या सीमेपर्यंत जाऊन, पण पडणार नाही अशी व्यवस्था करूनच सराव करायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे.

ही व्यवस्था आम्ही घरातल्या एका कोपऱ्यात केली. पाठीशी दोन भिंती, समोर जड लाकडी खुर्ची आणि मध्ये मी. आधी पाय जुळवून उभे राहायचे, ते जमले की एक पाऊल दुसऱ्याच्या थोडे पुढे, मग टाचेला अंगठा लावून, आणि त्याच स्थितीत मान डावीकडे-उजवीकडे वळवायची. एखादी पायरी सोपी वाटू लागली की फिजिओथेरपिस्ट ती लगेच अवघड करत. मान वळवण्याच्या सरावाला माझ्या बाबतीत विशेष महत्त्व होते, कारण एससीए २ मध्ये डोळ्यांची एका जागेवरून दुसऱ्या जागेवर झटकन जाणारी हालचाल मंदावते, ती उणीव डोके फिरवून भरून काढावी लागते, आणि डोके फिरले की तोल जातो. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना पाहणे हे माझ्यासाठी सर्वांत धोक्याचे काम झाले होते. आता मी आधी थांबतो, पाय किंचित फाकवतो, मग पाहतो, आणि बहुतेक वेळा सोबतच्या माणसाचा हात धरावा लागत नाही. मागे वळतानाही एका पायावर गिरकी न घेता लहान लहान पावलांनी अर्धवर्तुळ घेण्याची सवय लागली आहे.

चटईवरच्या व्यायामांपैकी सर्वांत मोलाचा ठरला तो जमिनीवरून उठण्याचा. कुशीवर वळणे, ओणवे होणे, खुर्चीवर हात टेकून एक गुडघा पुढे घेणे आणि मग उभे राहणे, असा हा क्रम आहे. पत्नीलाही तो शिकवला गेला. पूर्वी मी पडलो की ती मला काखेत धरून ओढत असे, आणि त्यात दोघांनाही इजा होण्याची भीती होती. आता ती फक्त खुर्ची आणून ठेवते. पडण्याची भीती कमी झाल्यामुळे मी घराबाहेर अधिक पडू लागलो, आणि त्यामुळे चालण्याचा सराव आपोआप वाढला.

प्रगती मोजण्यासाठी सारा नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात चालणे, उभे राहणे, बसणे, बोलणे आणि हातापायांच्या चाचण्या मिळून ० ते ४० गुण असतात. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. एससीए २ मध्ये हे गुण वर्षाला सरासरी दीडच्या आसपास वाढतात. माझे ११.५ होते, ते १० वर आले. आकडा लहान दिसतो, पण या आजारात आहे तेथे टिकून राहणे हीसुद्धा कमाईच आहे. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ रुग्णांना चार आठवडे, आठवड्यातून तीनदा एकेक तास समन्वयाचे व्यायाम दिले होते; त्यांत लहान मेंदूचा विकार असलेल्यांना संवेदना गमावलेल्यांपेक्षा अधिक लाभ झाला होता.

हस्ताक्षर मात्र सुधारले नाही, आणि बोलण्यातला जडपणाही तसाच आहे. त्यासाठी वाचातज्ज्ञांकडे वेगळा उपचार घ्यावा लागतो. अटॅक्सियाच्या रुग्णांना व्यायामोपचार देऊन केलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीतही हातापायांपेक्षा धड आणि चालणे यांनाच जास्त फायदा झाला होता, हे नंतर कळल्यावर मनाची समजूत पटली. घोट्याला वजनाचे पट्टे बांधले असता पाय स्थिर वाटे, पण ते काढल्यावर तो आधीपेक्षाही भरकटे, म्हणून ते बंद केले. उचलून पुढे ठेवायचा ॲल्युमिनियमचा वॉकर माझ्या उपयोगाचा नाही, कारण उचलण्याच्या क्षणीच तोल जातो. हाताने ब्रेक लावता येणारा चार चाकांचा जड वॉकर लांबच्या अंतरासाठी चांगला आहे.

पावसाळ्यात तापाने काही आठवडे सराव थांबला आणि बसल्या जागी धड डोलणे पुन्हा सुरू झाले. ते आटोक्यात यायला थांबलो होतो त्याहून जास्त काळ लागला. जपानी रुग्णांचा लाभही पुढील महिन्यांत ओसरत गेला होता. त्यामुळे फिजिओथेरपिस्टची महिन्यातून एक भेट आणि रोजचा घरचा सराव असा परवडणारा मार्ग आम्ही धरला आहे. सराव सकाळीच करतो. दुपारनंतर थकवा आला की पावले विस्कळीत होतात, आणि चुकीची हालचाल पुन्हा पुन्हा गिरवण्यात अर्थ नाही. बसून चालवायची स्थिर सायकल दमसासासाठी आहे, आणि तिच्यावर पडण्याचा धोकाही कमी वाटतो.

फ्रीडराइख अटॅक्सिया हा दुसरा एक आनुवंशिक प्रकार असलेल्यांनी मात्र सायकल किंवा दम लागणारा कोणताही व्यायाम हृदयाची तपासणी झाल्यावरच सुरू करावा, कारण त्या आजारात हृदयाचा स्नायू जाड होण्याचे प्रमाण मोठे आहे.